‘पेर्देर’ : हरवणे, हरणे की गमावणे?

अर्जेंटिनाचे रॉक गायक गुस्ताव्हो सेराती यांच्या २००६ सालच्या ‘आई वामोस’ या अल्बममध्ये ‘क्रिमेन’ (गुन्हा) नावाचे एक संथ स्पॅनिश गाणे आहे. त्यातील ‘सुपे के ते पेर्दी’ या चार शब्दांचा मराठी अर्थ ‘तू हरवलीस हे मला समजले’ असा कोणी केला, तर तो मला पटणार नाही.

स्पॅनिशमधील ‘पेर्देर’ हे क्रियापद फार ऐसपैस आहे. आपल्याकडे किल्ली हरवते, सामना आपण हरतो, गाडी चुकते आणि वेळ वाया जातो. स्पॅनिश माणूस या चारही ठिकाणी ‘पेर्देर’च वापरतो. त्यामुळे मराठीत येताना निवड करावीच लागते, आणि येथे ती ‘गमावणे’ हीच असावी असे माझे ठाम मत आहे. ‘पेर्दी’ या रूपात कर्ता ‘मी’ आहे. किल्ल्या हरवल्या असे सांगताना ‘से मे पेर्दिएरोन’ म्हणण्याची, म्हणजे जवळजवळ आपल्या ‘माझ्याकडून हरवल्या’सारखी, सोय स्पॅनिशमध्ये आहे, या ओळीने तो आडोसा घेतलेला नाही. गाण्याचे नावच ‘गुन्हा’ असताना कर्त्याला वाक्यातून बाजूला सारणे म्हणजे त्याची कबुलीच पुसून टाकणे होय. ‘हरवलीस’ या शब्दात दोष कोणाचाच नसतो, ‘गमावले’ या शब्दात मात्र स्वतःच्या हातून काही निसटल्याची जाणीव असते.

आणखी एक लाभ असा, की ‘हरवलीस’ किंवा ‘हरवलास’ म्हणताच समोरची व्यक्ती स्त्री की पुरुष हे उघड होते. मूळ ओळीत ते कळत नाही आणि ‘मी तुला गमावले’ या रचनेतही कळत नाही.

‘सुपे’साठी मात्र मराठीने आधीच नेमका शब्द राखून ठेवला आहे. ‘साबेर’ म्हणजे ठाऊक असणे. पण त्याचे हे भूतकाळी रूप बहुधा ठाऊक होण्याचा क्षण दाखवते, म्हणून ‘ठाऊक होते’ नव्हे, तर ‘कळले’. ‘तुला गमावल्याचे कळले’ एवढे म्हटले, तरी प्रेमभंगाचे दुःख आणि स्वतःकडे वळलेली नजर दोन्ही त्यात येतात.

अडचण खरी आहे ती या चार शब्दांच्या आधीच्या ओळीतील ‘देग्रादे’ या शब्दाची. एका रंगाची छटा हळूहळू उतरत जाणे, असा हा फ्रेंचमधून आलेला शब्द. ‘विटत जाणे’ मला प्रथम सुचले, कारण कापडही विटते आणि मनही. परंतु विटलेल्या मनात कंटाळा असतो आणि या गाण्यातल्या मनाला तर अजून विसरताही आलेले नाही. ‘ओसरत जाणे’ जवळचे वाटते, पण त्यात पाणी दिसते, रंग दिसत नाही. रंगाऱ्यांच्या किंवा विणकरांच्या बोलीत यासाठी एखादा शब्द रुळलेला असेल, तर तो कृपया येथे नोंदवावा.