मदत हवी आहे : चित्र-शब्द जोड्या लावताना लेक अडतेय

जाईजुई
तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी जोड्या लावायला बसतो. विकतच्या संचातल्या सगळ्या जोड्या ती धडाधड लावते. म्हणून स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या नवीन पट्ट्या मी घरी केल्या, तर निम्म्या चुकतात. लसूण, वेलची, शेंगा, केळे, वांगे. चित्र दाखवलं की नाव बरोबर सांगते, पण शब्दाची पट्टी उचलत नाही. काल रडली. शनिवारी बाईंनी भेटायला बोलावलंय. प्लीज लवकर सांगा, काय चुकतंय?

पाटीपेन्सिल
वय किती? बालवाडी की पहिली? अक्षरओळख झालीय का? आणि विकतच्या संचात चित्र नि शब्दाचे तुकडे एकमेकांत अडकतात का? तसं असेल तर ती वाचतच नसेल, खाचा जुळवत असेल. माझा मुलगा 'घर' हा शब्द कार्डावरच्या चहाच्या डागावरून ओळखायचा. डाग नसलेलं कार्ड दिलं आणि गप्प.

उंबरठा
२२ वर्षं बालवाडी चालवली, म्हणून सांगते. चित्रं बाजूला ठेवा. खरा लसूण हातात द्या, सोलू द्या, वास घेऊ द्या. मग पट्टी त्याच्याशेजारी ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला परिसरातल्याच वस्तू साधनं म्हणून वापरल्या. चित्रातली वेलची आणि मूग मुलाला सारखेच दिसतात हो.

दुपारची_शाळा
उंबरठाताई, पण ती चित्र ओळखतेय, नाव सांगतेय असं वर लिहिलंय ना. अडचण वस्तूची नाही, अक्षरांची आहे.

उंबरठा
अक्षरांचीच घाई नको म्हणतेय मी. अजून वय सांगितलेलं नाही त्यांनी.

कोरा_कागद
पेन्सिल कशी धरते ते बघा. तीन बोटांत धरत नसेल तर जाड खडू द्या, कणीक मळायला द्या. आमच्याकडे महिन्यात फरक पडला.

जाईजुई
साडेपाच वर्षांची, मोठ्या गटात. अक्षरं येतात, काना-मात्रा येतात. लिहिण्याचा प्रश्नच नाहीये. हो, संचाला खाचा आहेत, पण त्यातले शब्द वहीत लिहून दिले तरी वाचते.

सह्याद्री_७२
तुम्ही 'केळे', 'वांगे' लिहिलंय. घरी तसं बोलता का? ती 'केळं' म्हणते आणि पट्टीवर 'केळे' बघते. तिच्या दृष्टीने तो वेगळाच शब्द आहे. 'केळं' लिहा, लगेच उचलेल.

शुद्धमराठी
मुळीच नको. पुस्तकात 'केळे' येणार आहे. आत्ता अनुस्वार शिकवायचा आणि दुसरीत खोडायला लावायचा?

सह्याद्री_७२
अहो, बोली अनुस्वार छापील गोष्टींतही येतो. मुलाने पहिल्यांदा वाचलेला शब्द त्याच्या तोंडातला असावा, 'केळे' नंतर शिकता येतं. आमच्या अंकलिपीत ऐरण होती. ऐरण बघितली नव्हती, म्हणून चित्राकडे बघून मी 'हातोडा' वाचायचो.

शुद्धमराठी
आमच्या वेळी उखळ होतं. उखळ बघायला तरी मिळायचं.

अक्षरजुळणी
मूळ प्रश्नाकडे येतो. लसूण, वेलची, शेंगा. तिन्हींत ल किंवा श आहे. पट्ट्या हाताने लिहिल्यात की कॉम्प्युटरवर छापल्यात? छापल्या असतील तर फॉन्ट बघा. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मराठी पुस्तकात दोन पाकळ्यांचा ल आणि देठाचा श असतो. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं दिली आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींचा संकेतांक एकच, दिसणार कसं ते फॉन्ट ठरवतो. आपण मोठी माणसं दोन्ही वाचतो, म्हणून फरक जाणवत नाही. तिने तो ल कधी बघितलाच नसेल.

जाईजुई
छापल्यात. थांबा, बघते.

दुपारची_शाळा
फॉन्ट बदलाच, पण आणखी एक करा. सहा चित्रांना सहाच शब्द देऊ नका, शेवटची जोडी आपोआप लागते. चार चित्रं, सहा शब्द द्या. आणि लसूण-लिंबू, कढई-कणीक असे एकाच अक्षराचे शब्द एकत्र ठेवा. नाहीतर मुलं पहिलं अक्षर बघून पट्टी उचलतात, पुढचं वाचत नाहीत.

कोरा_कागद
पट्ट्या लॅमिनेट केल्यात का? आमच्या आठवड्यात फाटल्या होत्या.

जाईजुई
आत्ता तिला उठवून विचारलं (हो, रात्री नऊला, राहवलं नाही). 'लसूण'च्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "हा बाईंचा ल नाहीये." मी जाड स्केचपेनने पाकळ्यांचा ल काढून 'लसूण', 'वेलची' लिहिलं, दोन्ही लगेच वाचले. देठाचा श काढला, 'शेंगा'ही वाचलं. तीन आठवडे मी "नीट बघ, नीट बघ" म्हणत होते आणि ती नीटच बघत होती.
'केळे' मात्र अजून अडतंय. उद्या 'केळं' लिहून बघते. शुद्धमराठी, रागावू नका.

शुद्धमराठी
रागावलो नाही. 'केळं' चाललं तर इथे कळवा.