गॉथमचा प्रोफेसर पिग: कुठून बघायचं, मुलांना दाखवायचं का

ए-२०३ मृणाल: गॉथम, ती बॅटमॅनच्या शहरातल्या पोलिसांवरची इंग्रजी मालिका. सीझन ४, भाग ६, 'हॉग डे आफ्टरनून'. डुकराचा मुखवटा घातलेला खुनी येतो तो. सातवीतल्या मुलांना चालेल का? आणि थेट हाच भाग लावला तर कळेल का?

सी-६०४ निखिल: कळेल ताई, पण निम्मी मजा जाईल. निदान सीझनचा पहिला भाग आधी बघा. पेंग्विन नावाचा गुंडांचा म्होरक्या त्यात गुन्ह्यांचे चक्क परवाने वाटतो. परवानावाल्या चोराला पोलीस हात लावत नाहीत. पिग मारतो ते पेंग्विनचे पैसे खाणाऱ्या पोलिसांना, आणि मेलेल्याच्या डोक्यावर डुकराचं डोकं चढवतो. मालिकेचा नायक, पोलीस अधिकारी गॉर्डन, त्याची पंचाईत अशी की खुनी बोट दाखवतोय ते लोक खरंच लाचखोर आहेत. त्याचा जोडीदार बुलकसुद्धा.

डी-४०२ शर्वरी: सातवीला नको, असं मी म्हणेन. अमेरिकेत मालिकेला टीव्ही-१४ आहे, म्हणजे चौदाच्या आतल्या मुलांसाठी योग्य नाही. रक्त मुलं पचवतात. इथे प्रेताची मांडणी केलेली आहे, ती डोक्यातून जात नाही. आणि हा दाखवला की पुढचा मागतील. भाग ९, 'लेट देम ईट पाय' (पाय म्हणजे सारण भरून भाजलेली पेस्ट्री), याहून वाईट. (पुढे कथा फुटतेय, बघायचं असेल तर सोडा.) त्यात पिग बेघर माणसांच्या मांसाचे असे पाय करून श्रीमंत पाहुण्यांना जबरदस्तीने खायला लावतो.

सी-६०४ निखिल: तो भाग पिग करणाऱ्या नटासाठी मुद्दाम लिहिल्यासारखा वाटतो. मायकेल सर्व्हेरिस. २००५ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, 'स्वीनी टॉड' या संगीत नाटकात स्वीनी त्यानेच केला होता, त्यातही माणसांच्या मांसाचे पायच. २००४ आणि २०१५ असे दोन टोनी, म्हणजे तिथले नाटकांचे पुरस्कार, मिळालेत त्याला. 'फ्रिंज' मालिकेतला टकल्या ऑब्झर्व्हर आठवतोय का? तोच.

ई-५०१ सेक्रेटरी: उद्या ११ ते १ पाणी बंद. चालू द्या.

ए-२०३ मृणाल: कॉमिक्समध्येही असाच आहे का तो?

सी-६०४ निखिल: तिथे जास्त किळसवाणा, आणि कारण वेगळं. ग्रँट मॉरिसन आणि अँडी कुबर्ट यांच्या 'बॅटमॅन' ६६६ व्या अंकात, २००७ मध्ये, ओझरता दिसतो. नीट येतो २००९ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'च्या पहिल्या अंकात, चित्रं फ्रँक क्वाइटलीची. नाव लाझलो व्हॅलेंटिन. माणसांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून, चेहऱ्यावर बाहुलीचा मुखवटा कायमचा चिकटवून त्यांना 'परिपूर्ण' करायचं वेड. ते डॉलोट्रॉन. लाचखोरांचा हिशेब चुकता करणं ही मालिकेची भर. पोलिसांच्या मालिकेत तीच चपखल बसते, मला तरी पटली.

ए-२०३ मृणाल: ती डुकराची डोकी खरी असतात का हो?

बी-१०१ कुलकर्णी काका: खरं डोकं दिव्यांखाली काही तासांत वास मारतं. साधारणपणे मातीत घडवतात, त्यावरून साचा, साच्यात सिलिकॉन किंवा फोम लेटेक्स. भुवयांचे, कानांचे केस सुईने एकेक टोचतात, वेळ सगळा तिथे जातो. फसतं कुठे? प्लॅटिनम सिलिकॉन ओतताना. मातीत गंधक असेल तर तिला टेकलेला थर घट्ट होतच नाही, चिकट राहतो. लेटेक्सचे हातमोजे लागले तरी तेच. म्हणून बिनगंधकाची माती आणि नायट्राइलचे मोजे. शिवाय सिलिकॉनवर साधा रंग टिकत नाही, सोलून निघतो. सिलिकॉनमध्येच कालवलेला रंग लागतो.

डी-४०२ शर्वरी: आणि रक्त, काका?

बी-१०१ कुलकर्णी काका: एक वाटी कॉर्न सिरप, नाहीतर केकच्या सामानाच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज. दोन चमचे पाणी, चमचाभर लाल खायचा रंग, निळ्याचे दोन थेंब, अर्धा चमचा कोको. निळा आणि कोको नसेल तर कॅमेऱ्यात सरबत दिसतं. कोको आधी पाण्यात कालवा, गुठळ्या होतात. कपड्यावर पडणार असेल तर थोडं भांड्याचं लिक्विड घाला, डाग निघायला सोपा जातो. पण मग ते तोंडात घ्यायचं नाही. तोंडासाठी वेगळी वाटी, चिठ्ठी लावून.

ए-२०३ मृणाल: बरं, मुलांना नाही दाखवत. मोठ्यांनी कुठवर बघायचं?

सी-६०४ निखिल: १, ६, ७, ९, १०. पिगच्या मागे कोण आहे ते दहाव्यात उघड होतं आणि त्याचा शेवटही तिथेच. मधला ८ पिगसाठी लागत नाही, पण सोफिया फाल्कोनी, माफिया डॉनची मुलगी, काय करतेय ते लक्षात ठेवा.