‘दोन दगडांवर पाय’ म्हणणाऱ्यांना: माझा एक दगड निसटला, तेव्हा दुसऱ्यानेच सावरलं

मोडका_गुडघा

काल खर्ज यांनी निवासी कलाशाळांवर लेख टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सार: जिथे अर्धा दिवस गणित-विज्ञान आणि अर्धा दिवस नाच-गाणं-नाटक चालतं, तिथली मुलं दोन दगडांवर पाय ठेवून उभी असतात. कला हवी तर शाळा सोडा, शाळा हवी तर कला छंदापुरती ठेवा. आणि शेवटचं वाक्य असं, की तिथला अभ्यास म्हणजे ‘पालकांच्या समाधानासाठी सोडलेला पडदा’. हे वाक्य रात्रभर डोक्यात वाजत राहिलं, म्हणून हा वेगळा धागा. प्रतिसादात मावला नसता.

मी अकराव्या वर्षी अशा शाळेत गेलो, नृत्यासाठी. सोळाव्या वर्षी रंगीत तालमीत उडीवरून उतरताना डाव्या गुडघ्यात ‘टक्’ झालं. आवाज विंगेत उभ्या असलेल्या पोरांनाही ऐकू गेला. लिगामेंट. पुढचे आठ महिने दुपारी सगळे नृत्यदालनात आणि मी ग्रंथालयात, पाय खुर्चीवर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. एके दिवशी भौतिकशास्त्राच्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि त्याच उडीचं गणित मांडायला लागल्या: किती उंचीवरून आलास, किती वेळात थांबलास, सांध्यावर किती भार आला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पण कागद ठेवून घेतला. आज मी पुलांच्या भारांचे हिशेब करून पोट भरतो.

पॅरिस ऑपेराची नृत्यशाळा १७१३ सालची. १९८७ पासून ती पॅरिसजवळच्या नान्तेरला आहे, निवासी. सकाळी शाळा, दुपारी नाच. दरवर्षी परीक्षा घेऊन मुलं गाळतात आणि शेवटी नृत्यमंडळीत जागा मोजक्याच. तीन शतकं हे काम करणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे की बहुतेक मुलं गाळली जाणार. त्या गाळलेल्या मुलाच्या हातात काय द्यायचं, हे खर्ज सांगतील का? का तो ‘पडद्यामागचा’ विषय?

खर्ज

गुडघ्याबद्दल खरंच वाईट वाटलं. पण महाराज, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. अभ्यास हा विमा होता. विमा उतरवून पाण्यात पडणारा पोहायला शिकतो, तळाशी जात नाही.

मी शाळा नवव्या इयत्तेत सोडली. पहाटे साडेचारला तानपुरा लावायचा, पाचला खर्ज, म्हणजे खालचे सूर, भरायला सुरुवात. दिवसाचे सात-आठ तास, सलग नऊ वर्षं. कशातही तरबेज व्हायला १०,००० तास लागतात, हे गणित तुम्हा शिकल्यासवरल्या लोकांना माहीत असेलच. शाळेच्या घंटेवर ते बसत नाही. व्हायोलिनवादक यहूदी मेन्युइनचं उदाहरण घ्या, शाळेत जेमतेम एक दिवस गेला म्हणतात. बिघडलं काही?

उलटसुलट

त्याच मेन्युइनने १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये शाळा काढली. निवासी. संगीत आणि रीतसर अभ्यास, दोन्ही. एक दिवस शाळेत गेलेल्या माणसाला म्हातारपणी नव्हे, ऐन भरात असताना शाळा काढावीशी वाटली, याचा अर्थ काय लावायचा ते खर्ज यांच्या तानपुऱ्याला विचारा.

खर्ज

मोठ्या माणसांची चूक ती चूकच.

घुबड_घरचं

मूळ वादात मला रस नाही, पण ‘पहाटे पाच’ वाचलं आणि राहवेना. अवांतराबद्दल आधीच माफी.

खर्ज, तुमचे ते १०,००० तास ज्या अभ्यासातून आले तो वाचला आहात का? मानसशास्त्रज्ञ एरिक्सन आणि सहकारी, १९९३, बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक. १०,००० ही सर्वांत चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. तो उंबरठा नव्हता. त्या गटातल्या अनेकांचे तास त्याहून कमी भरले होते. आणि जे कुणी कधीच सांगत नाही ते हे: तोच गट झोपतही जास्त होता. दुपारची डुलकी धरून दिवसाला साडेआठ तासांच्या आसपास. एकट्याने करायचा सराव दिवसाला साडेतीन तासांच्या घरात, तोही तुकड्यातुकड्यांनी.

वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप लागते. हाताने शिकलेली गोष्ट पक्की होते ती झोपेत. पहाटे पाचला उठवलेलं पोर रियाज करत नाही, ते डुलत असतं.

खर्ज

मी डुलत नव्हतो.

घुबड_घरचं

डुलणाऱ्याला कळत नाही, हीच तर गंमत आहे.

खर्ज

केरळ कलामंडलम ही कलाशाळा माहीत आहे? १९३० पासून चालू आहे. कथकलीची मुलं उजाडायच्या आत उठून डोळ्यांचा सराव करतात. नुसती बुबुळं फिरवायची, रोज, वर्षानुवर्षं. मग तो डोळा हजार माणसांत शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. त्यांना जाऊन सांगा मेलाटोनिन.

घुबड_घरचं

रात्री आठला दिवे मालवून कुणी चारला उठत असेल तर माझी काडीइतकी हरकत नाही. माझा आक्षेप दोन्ही टोकं कापण्याला आहे. निवासी शाळेत तेच होतं. पहाट कलेची, दिवस शाळेचा, रात्र गृहपाठाची. झोप कुणाच्याच खात्यात नाही.

लेकीची_आई

नमस्कार. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, चेलो वाजवते. अशाच एका शाळेत निवड झाली आहे आणि महिन्याभरात कळवायचं आहे. तिथे शिकलेल्या किंवा शिकवलेल्या कुणी सांगाल का, प्रवेशाआधी नक्की काय विचारावं?

उलटसुलट

गूगलवाला लॅरी पेज अमेरिकेतल्या इंटरलॉकन कलाकेंद्राला जायचा! संगीताने वेगाचं भान दिलं, असं तो स्वतःच सांगतो. आता बोला.

घुबड_घरचं

तो उन्हाळी शिबिराला जायचा. निवासी शाळा त्याच आवारात १९६२ पासून आहे, तिथला तो विद्यार्थी नव्हे. शिबिरात झोप मिळत असावी.

उलटसुलट

दंडवत. तुम्हाला कुणीतरी रात्री अंगाई म्हणा.

खडूफळा

गेला तासभर ‘मी झोपलो, मी नाही झोपलो’ चाललंय. मी अशा शाळेत नऊ वर्षं गणित शिकवलं, आता थोडं माझं ऐका.

‘ताल शिकला की गणित येतं’ हे वाक्य मी पालकसभेत इतक्यांदा ऐकलं आहे की कानाला घट्टे पडलेत. तालवाद्याचा एक मुलगा होता. उजव्या हाताने सात, डाव्या हाताने चार, दोन्ही एकाच वेळी, सहज. सातचा नि चारचा लसावि काढायला सांगितला. वहीत लिहिलं: ११. मी म्हटलं, बाकावर वाजव आणि दोन्ही हात पुन्हा एकत्र कधी पडतात ते सांग. डोळे मिटून वाजवलं आणि म्हणाला, ‘अठ्ठाविसावर.’ वहीकडे बघितलं आणि तरीही अकरा खोडेना. हाताला माहीत होतं, वहीला माहीत नव्हतं. दोघांची ओळख करून द्यायला मला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत माझे चौदा तास तालमीला गेले. मोजलेत मी.

नाटकवाली मुलं आणखी वेगळी. इतिहासाची उत्तरं तोंडपाठ, पण संवादासारखी. क्रांतीचं तिसरं कारण विचारलं की पहिली दोन म्हणून दाखवल्याशिवाय तिसरं तोंडातून यायचंच नाही. मध्येच थांबवलं तर परत पहिल्यापासून.

खर्ज यांच्याशी मी सहमत नाही. पण ‘पडदा’ हा शब्द मला लागला, कारण काही वर्षी तो खरा होता. शाळा एक, मुख्याध्यापक एक, पण वेळापत्रकं दोन. कलाविभागाचा कागद वेगळा, आमचा वेगळा, आणि दोन्ही कागद एकत्र फक्त मुलाच्या दप्तरात यायचे. वार्षिक प्रयोग जवळ आला की आमचा कागद हरायचा. दरवर्षी.

मोडका_गुडघा

बाई, हे मान्य. आमच्याकडेही प्रयोगाच्या आठवड्यात गणित व्हायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यावर खूश असायचो. पण तो व्यवस्थेचा गोंधळ झाला. त्यावरून कल्पनाच मोडीत काढायची?

खर्ज

तीनशे वर्षं जुनी व्यवस्था आहे ना? अजून गोंधळच?

मोडका_गुडघा

तुम्हाला पोराच्या भवितव्यापेक्षा टोमणा महत्त्वाचा वाटतो, एवढं कळलं.

खर्ज

आणि तुम्हाला स्वतःच्या गुडघ्यापलीकडे जग दिसत नाही. एका अपघातावर सिद्धान्त उभा करता. पुलांचे हिशेब असेच करता का?

सरळरेघ

दोघेही जरा थांबा. खर्ज, ‘गुरूकडे जा, शाळा सोडा’ हे तुम्ही किती सहज म्हणता. एक शिक्षक, एक विद्यार्थी, बंद खोली, आणि पुढची सगळी वाट त्या शिक्षकाच्या एका शब्दावर. इंग्लंडमध्ये बाललैंगिक शोषणाची जी स्वतंत्र चौकशी झाली, तिचा निवासी शाळांवरचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यात संगीताच्या खास शाळांचा वेगळा विचार केला आहे, तो याच कारणासाठी. एकास एक शिकवणी, गुरूचा दबदबा, मूल घरापासून लांब. शाळेत निदान बाकीचे तास, बाकीचे शिक्षक, कुणीतरी बघणारं असतं. तुमच्या नमुन्यात कोण असतं?

खर्ज

माझ्या गुरूंबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

सरळरेघ

तुमच्या गुरूंबद्दल एक शब्दही काढलेला नाही. प्रश्न दाराचा आहे.

मोडका_गुडघा

हे लिहावं की नाही, विचार करत होतो. आमच्या सरावखोल्यांच्या दारांना वर काचेची चौकट होती, बाहेरून दिसावं म्हणून. एका खोलीत त्या काचेवर आतून कोट टांगलेला असायचा. कायम. उन्हाळ्यातही. आम्हाला ती सरांची लहर वाटायची, आम्ही त्यावर विनोद करायचो. त्या खोलीतला एक मुलगा मध्येच शाळा सोडून गेला, का ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. बाकीचे शिक्षक होते, सरळरेघ. रोज त्याच दारावरून जायचे.

सरळरेघ

मग माझं ‘निदान कुणीतरी बघणारं असतं’ हे मी मागे घेतो.

खर्ज

(बराच वेळ काही लिहिलं नाही.) मोडका_गुडघा, गुडघ्यावरून बोललो ते जास्त झालं. बाकी मत तेच आहे.

घुबड_घरचं

माझ्या झोपेच्या मुद्द्यावर अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

लेकीची_आई

मी पुन्हा विचारते आहे. प्लीज.

खडूफळा

ताई, माफ करा, इथे हे असंच चालतं. निकालाचे आकडे आणि मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांचे फोटो बघू नका, ते सगळ्यांकडे असतात. एक कागद मागा: गेल्या वर्षीच्या वार्षिक प्रयोगाआधीच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक. नेहमीचं नको, तेच. बुडालेले तास भरून कधी काढले, तेही विचारा. सरावखोलीच्या दारांना काच आहे का, आणि ती मोकळी आहे का, स्वतः जाऊन बघा. वाजवणाऱ्या मुलाचा हात दुखावला तर त्या काळात त्याने काय करायचं, हे ठरलेलं आहे का? आणि हो, दिवे कधी बंद होतात, नाहीतर घुबड मला सोडणार नाहीत.

मोडका_गुडघा

आणि ज्यांना मध्येच गाळलं, ती मुलं पुढे कुठे गेली ते विचारा. नाव नको, फक्त कुठे गेली. उत्तर द्यायला किती वेळ लावतात तेवढं बघा.

खर्ज

माझा सल्ला कुणी मागितलेला नाही, तरी देतो. मुलीला विचारा, सकाळी उठल्यावर कुणी न सांगता चेलोची पेटी उघडते का. उघडत असेल तर शाळेत काय आणि शाळेबाहेर काय. (बारा वर्षांची आहे, तेव्हा सातच्या आधी विचारू नका. घुबड, खूश?)

घुबड_घरचं

आठ. पण चालेल.

लेकीची_आई

चार दिवसांनी लिहिते आहे. शाळेत जाऊन आले. काचा मोकळ्या आहेत. दिवे साडेनऊला बंद. गाळलेल्या मुलांविषयी ‘माहिती काढून कळवतो’ म्हणाले. वेळापत्रक मात्र लगेच दिलं. प्रयोगाआधीच्या दोन आठवड्यांत रोज गणिताच्या तासाच्या जागी ‘स्वयं-अध्ययन (सभागृहात)’ असं छापलं आहे. हे काय असतं?

खडूफळा

नेपथ्याला रंग देणे.