नववीतला मुलगा शाळेत जायला नको म्हणतो, काय करू?

डिचोलीची आई: चतुर्थीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोटात दुखतं म्हणतो, डबा तसाच परत येतो, काल त्याचा मोबाईल बघितला तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या तोतरं बोलण्यावरून स्टिकर केलेत आणि खाली सगळे हसतायत. नवरा म्हणतो दोन ठेवून दे म्हणावं. मला नाही पटत.

म्हापशेकर: आधी स्क्रीनशॉट काढा. मग मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं, स्वतःचा अनुभव आहे. मोबाईल मात्र काढून घेऊ नका, शिक्षा त्यालाच झाल्यासारखं होतं.

फोंड्याचा दादा: मलापण दहावीपर्यंत 'बांगडो' म्हणायचे. घरी समोर बसवून विचारलं की तोंडच उघडायचं नाही, पण बाबांच्या स्कूटरवर मागे बसलो की बोलायचो, तोंड दिसत नाही ना.

पणजीची काकी: टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, रात्रीपण लागतो. मुलांसाठी १०९८. बांबोळीला मानसोपचार संस्थेत ओपीडी आहे, लोक काय म्हणतील ते सोडा.

डिचोलीची आई: आज स्कूटरवरून मयेच्या तळ्यापर्यंत नेला. जाताना गप्प. येताना म्हणाला, स्टिकर कोणी केला ते मला माहीत आहे, माझ्याच बाकावर बसतो.