मदत हवी आहे: समुद्राचे फोटो काढताना समुद्रच बघायचा राहून जातो

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज विचारतेच. मी पुण्यात नोकरी करते, माहेर गुहागरचं, त्यामुळे सगळं लहानपण सुरूच्या बनात आणि वाळूत गेलेलं. दोन वर्षांपूर्वी मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळते ती साधी लेन्स) आणि एक साधा ट्रायपॉड. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, आपल्या किनाऱ्याचा फोटो असा यावा की बघणाऱ्याला पायाखालची ओली वाळू जाणवली पाहिजे.

डिसेंबरात चार दिवस घरी होते, रोज संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर. लाट मागे सरकते तेव्हा ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरतं ना, तो आरसा मला हवा होता. पण चारही दिवस पाणी वरवरच येत राहिलं, सुरूच्या अलीकडे जेमतेम कोरडी पट्टी उरायची, ट्रायपॉड ठेवला की दुसऱ्या लाटेला त्याचे पाय खचायचे आणि क्षितिज तिरकं. टेन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश खूप कमी करणारी गडद काच) लावून शटर ३० सेकंद उघडं ठेवलं तर समुद्राचं नुसतं दूध झालं, लाट म्हणून काही उरलंच नाही. एक दिवस जवळच हेदवीला बामणघळ बघायला गेलो, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकातली अरुंद घळ, जिथे भरतीच्या लाटेचं पाणी उंच उसळतं. दुपारी एकला पोचलो तर पाणी खाली घळीत नुसतं डचमळत होतं, उसळी नाहीच.

शेवटच्या दिवशी बाबा सोबत आले होते, मागे वाळूत बसून होते. सूर्य बुडाल्यावर म्हणाले, "आज बुडताना मडक्यासारखा झाला होता, बघितलास ना?" मी बघितलाच नव्हता. मी तेव्हा स्क्रीनवर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघत होते. ते मनाला फार लागलं, कारण हे सगळं सुरू केलं ते समुद्र आवडतो म्हणून.

तर ओल्या वाळूचं आणि बामणघळीचं नक्की कुठे चुकतंय ते सांगाच, पण त्याहून जास्त हे सांगा की फोटो काढताना तुम्ही रमता कसे? मला नुसते चांगले फोटो नकोयत, त्यातला आनंदही हवाय.

प्रतिसाद:
ताई, गेलीस तेव्हा तिथी कुठली होती आठवतंय का?

धागाकर्ती:
अष्टमीच्या आसपास. हेदवीला गेलो त्या दिवशी आईचा दुर्गाष्टमीचा उपास होता, म्हणून नक्की आठवतंय.

प्रतिसाद:
मग सगळं जुळलं बघ. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी. तू रोज सूर्यास्ताला भर भरतीत उभी होतीस आणि बामणघळीवर ओहोटीत पोचलीस, त्यात अष्टमीला भांगाची, म्हणजे सगळ्यात कमी चढउताराची भरती, पाण्याला जोरच नसतो. आता पौर्णिमा किंवा अमावास्येला जा. तेव्हा पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती अकरा-बाराच्या आसपास आणि सूर्यास्ताच्या सुमाराला ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठ्या चढउताराची, पाणी इतकं आत जातं की तुझा आरसा लांबच्या लांब पसरलेला मिळेल. बामणघळीला संकष्टीच्या दिवशी दुपारी अडीच-तीनला जा, उधाणाचा जोर बराचसा टिकून असतो आणि उन्हाचाही तिरपेपणा सुरू झालेला असतो. हिशोब ढोबळ आहे हं, मुंबईपेक्षा रत्नागिरीकडे भरती थोडी आधी येते, म्हणून निघायच्या आधी रत्नागिरी बंदराचं भरती-ओहोटीचं टेबल बघायचंच. आणि घळीच्या तोंडाशी ओल्या दगडावर अजिबात जाऊ नकोस, पावसाळ्यात तर नाहीच.

प्रतिसाद:
एनडी काढून ठेव काही दिवस. सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि आयएसओ १०० ला (सेन्सरची संवेदनशीलता कमी) शटर आपोआप अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतं, लाटेच्या रेघा त्यातच मिळतात. बटण लाट परत फिरताना दाबायचं, येताना नाही, मग फेस वाळूवरून ओढल्यासारखा येतो. ट्रायपॉडचा सगळ्यात खालचा भाग पूर्ण बाहेर काढ म्हणजे क्लिपा वाळूच्या वर राहतात, पाय फाकवून जोर देऊन रुतव, दोन लाटा त्याच्यावरून जाऊ दे, तो बसला की मग फ्रेम लाव. मधली दांडी वर घ्यायची नाही. लेन्सवर खारे तुषार बसले तर कोरड्या फडक्याने पुसू नकोस, आधी ब्लोअर, मग किंचित ओलसर कापड. घरी गेल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवायचा.

प्रतिसाद:
मी रत्नागिरीची, मांडवीला काळ्या वाळूवर फोटो काढते. रमण्याबद्दल माझा अनुभव सांगते. पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढतच नाही, चप्पल काढून पाण्याच्या कडेने चालते, मोठ्या लाटा किती वेळाने येतात, पाणी कुठल्या खळग्यात साचतंय, खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी कुठे काढलीय ते बघते. मग एकच जागा धरते आणि संध्याकाळभर तिथेच. स्क्रीन बघणं बंद केलंय, काळ्या वाळूत कॅमेरा फसतो आणि फोटो उजळ काढतो, म्हणून एक्स्पोजर सुरुवातीलाच कमी करून ठेवते आणि नंतर विसरून जाते. आणि सूर्य पाण्याला टेकला की हात खाली. रंग तसेही बुडाल्यानंतरच चढतात, त्यामुळे काही हुकत नाही. अजून एक, सकाळीही जात जा. आपल्याकडे सूर्य डोंगरामागून येतो, त्यामुळे प्रकाश आपल्या पाठीवरून लाटांच्या तोंडावर पडतो, गर्दी नाही, होड्या परत येत असतात.

धागाकर्ती:
खरंच मनापासून आभार सगळ्यांचे. तिथीचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता आणि घरात कॅलेंडर तर दाराशीच टांगलेलं असतं. बाबांना फोन करून पाऊणपटीचा हिशोब सांगितला, तर त्यांना तो लहानपणापासून पाठ आहे म्हणे. येत्या पौर्णिमेची रजा टाकलीय. एक दिवस फोटो, एक दिवस कॅमेरा घरी ठेवून बाबांबरोबर वाळूत बसणार आहे, मडकं बघायला. ताई, खेकड्यांची नक्षी जवळून काढायला किट लेन्स पुरेल का?