मदत हवी आहे: ‘गव्हर्नर’ला मराठीत काय म्हणू?

ग्रेस पडाका यांच्यावर छोटा लेख लिहितेय. फिलिपिन्सच्या इसाबेला प्रांतातल्या रेडिओ निवेदिका, पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणाऱ्या. २००४ मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं सत्तेत असलेल्या डी घराण्याला हरवलं आणि गव्हर्नर झाल्या. २००८ मध्ये मॅगसेसे मिळालं (त्याच वर्षी प्रकाश-मंदाकिनी आमटेंनाही).

घोडं अडलंय पदनामावर. ‘राज्यपाल’ लिहिलं तर नेमणूक झालेली वाटते, आणि हे पद थेट मतदानाचं, तीन वर्षांचं. ‘मुख्यमंत्री’ फारच मोठं. ‘जिल्हा परिषद अध्यक्ष’ही चालेना, त्यांना सदस्य निवडतात. नुसतं ‘गव्हर्नर’ ठेवलं तर रिझर्व्ह बँक आठवते! वाचक आठवी-नववीचे, तळटीपेला जागा नाही. ‘प्रांतप्रमुख’ कानाला बरं लागतं, पण त्यातून लोकांनी निवडून दिल्याचं कळतं का?