मसाज थेरपीचं प्रशिक्षण केंद्र: परवाना नेमका कुणाचा?

सिंहगडरोड
पुण्यात मसाज थेरपीचं प्रशिक्षण केंद्र काढायचं आहे. तळमजल्यावर ९०० चौ. फुटांचा गाळा बघितलाय, एका बॅचला १५ जण. अभ्यंग, स्वीडिश, डीप टिश्यू (खोल दाबाचा मसाज) शिकवणार, संध्याकाळी बाहेरचे ग्राहकही घ्यायचा विचार आहे. एक एजंट ‘उद्यम + आयएसओ + सरकारमान्य सर्टिफिकेट’ असं पॅकेज देतोय. घ्यावं का?

तिळतेल
अजिबात नको. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, आणि ती धंद्याची नोंद आहे, अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. आयएसओ हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र, तीही अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे.

मसाज शाळेसाठी म्हणून राज्यात वेगळा परवानाच नाही, त्यामुळे या पॅकेजवाल्यांचं फावतं. स्वतःचं खासगी प्रमाणपत्र देऊन वर्ग चालवता येतो, फक्त त्यावर ‘सरकारमान्य’ छापू नका. मान्यता हवी असेल तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलकडे (या क्षेत्रातल्या कौशल्य-प्रशिक्षणाची संस्था) संलग्नता घ्या. अर्जाआधी नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर (मान्य अभ्यासक्रमांची सरकारी ऑनलाइन यादी) स्पा थेरपिस्ट अभ्यासक्रमाची फाइल उघडून तिची वैधता कधीपर्यंत आहे ते बघा. टेबलं, टॉवेल, स्टीमर वगैरेंची यादी त्याच कागदपत्रांत मिळते, खरेदी तिच्याबरहुकूम करा.

अर्ज हमखास अडकतो तो ट्रेनरवर. स्पामध्ये वर्षानुवर्षं काम केलेली उत्तम थेरपिस्ट असली तरी कौन्सिलचं टीओटी (ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स) प्रमाणपत्र नसेल तर तिला ट्रेनर म्हणून धरत नाहीत. आणि अंतिम परीक्षा बाहेरचा असेसर (परीक्षक) घेतो, तुमचा ट्रेनर नाही.

गाळाधारक
गाळ्याचं बघा आधी. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचा करार) ११ महिन्यांचा केला म्हणून महाराष्ट्रात नोंदणी चुकत नाही, मग सरळ ३६ महिन्यांचाच करा. संलग्नता चालू असताना करार संपला की पुन्हा कागदांची रांग. करारात वापर ‘प्रशिक्षण व वेलनेस सेवा’ असा लिहून घ्या आणि सोसायटीची एनओसीही त्याच शब्दांत.

नाव सगळीकडे अक्षरशः एक हवं. पॅनवर ‘अकॅडमी’, शॉप अॅक्टवर (दुकान-आस्थापना नोंदणी) ‘अॅकेडमी अँड स्पा’, करार मालकाच्या बायकोशी आणि वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, असला प्रकार तपासणीत परत येतो.

इमारतीला अग्निशमन यंत्रणा असेल तर परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’ (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दर जानेवारी-जुलैला लागतो. चालू सहामाहीची प्रत सोसायटीकडून मागून ठेवा.

सिंहगडरोड
धन्यवाद. आणि संध्याकाळचे ग्राहक?

तिळतेल
तो स्पा झाला. शॉप अॅक्टमध्ये दोन्ही व्यवसाय लिहा, पावतीपुस्तकं वेगळी ठेवा. जीएसटीसाठी २० लाखांची मर्यादा मात्र एका पॅनवरची दोन्हीकडची उलाढाल मिळून मोजतात.

पैसे देणाऱ्या ग्राहकावर शिकाऊ हात नको. सराव एकमेकांवर, लेखी संमती घेऊन, आणि दर वेळी विचारून: ताप, त्वचेचा संसर्ग, नुकतंच ऑपरेशन, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. शेवटचं असेल तर हातच लावायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असली तर दाबल्याने सुटून ती फुप्फुसात जाऊ शकते. डीप टिश्यू शिकवणार आहात म्हणून मुद्दाम लिहितोय.

काढा_नको
बोर्डावर ‘फिजिओथेरपी’ नको, तो पदवीधरांचा प्रांत. अभ्यंग ठीक, पण बस्ती-विरेचन (पंचकर्मातले एनिमा आणि जुलाबाचे उपचार) अभ्यासक्रमात घालू नका, ते वैद्यांच्या देखरेखीखालचं काम आहे. ‘संधिवात बरा करणारं तेल’ अशी जाहिरात केलीत तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा लागतो. पक्षाघात, मधुमेह, लठ्ठपणा हेही त्याच्या यादीत आहेत.

तेल विकत घ्या, बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक बघून, आणि बिल जपून ठेवा. घरी सिद्ध केलेलं औषधी तेल बाटलीत भरून विकायचं तर एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) उत्पादन परवाना काढावा लागतो, आणि तो शाळेच्या मागल्या खोलीला मिळत नाही.